उताराच्या माथ्यावर तीन शिंका

गुरुवारी दुपारी लिफ्ट दोन बोटं खाली बसली. पडली नाही, पडली असती तर ही गोष्ट दुसऱ्याच कुणीतरी सांगितली असती. नुसती बसली. जेवून उठलेला जाडा माणूस सोफ्यावर बसतो तशी, एक उसासा टाकून. शहरातल्या युसुफाबाद भागातल्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मी कामाला आहे. आम्ही सूचनांच्या पाट्या छापतो. ‘दार ओढू नये.’ ‘ओल्या हाताने स्पर्श करू नये.’ ‘चार माणसं, तीनशे किलो.’ ही शेवटची पाटी माझ्या नाकासमोर होती, अक्षरं मीच लावलेली, आणि आत आम्ही पाच जण होतो. पाचवा कोण हे आजही सांगता येणार नाही, कारण प्रत्येकाने ‘तुम्ही व्हा पुढे, मी जिन्याने येतो’ म्हटलं होतं आणि प्रत्येकाला उरलेल्यांनी दंडाला धरून आत ओढलं होतं. मग ती बसली. ‘काही नाही, काही नाही,’ पाचही जण एकदम म्हणाले. मीही म्हणालो. आणि मला कळेना की हे मी कुणाला सांगतोय. कारण जमीन दोन बोटं खाली गेली हे माझ्या तळपायांना पक्कं ठाऊक होतं, तोंडाला मात्र कुणी कळवलंच नव्हतं. घरी आलो, जेवलो, आडवा झालो, तरी ती दोन बोटं तळपायाखाली तशीच. पाय खाली टेकला की वाटायचं, अजून थोडं खाली जायचं बाकी आहे.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास, शहराबाहेर शेमशकच्या डोंगरात, वरच्या धारेवर, बर्फाने अगदी तोच उसासा टाकला. दोन दिवस पडून आदल्या संध्याकाळी थांबलेला नवा बर्फ, मांडीएवढा. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून आम्ही तिघं एकामागे एक चढत होतो आणि मध्येच सगळा पृष्ठभाग ‘हूंफ’ करून खाली बसला. माझ्या स्कीच्या टोकापासून सगळ्यात पुढच्या माणसाच्या टाचेपर्यंत केसासारखी एक भेग धावत गेली. मी थांबलो. ‘ऐकलंत, उस्ताद?’ ‘काय?’ ‘बर्फ बसला.’ ‘बसू दे की. दोन दिवस पडत होता, दमला असेल.’ पुढचा माणूस मागे वळलाही नाही. त्याच्या मागून चालणारी बाई हसली, पण तिने भेगेकडे पाहिलं होतं आणि पाय जरा डावीकडे टाकला होता.

पुढचा माणूस म्हणजे उस्ताद दर्याबेगी, वय एकाहत्तर. शाळेत त्यांनी मला पदार्थविज्ञान शिकवलं. घर्षणाच्या धड्यात मला वीसपैकी अकरा दिले. उतारावर ठेवलेला ठोकळा कधी घसरेल, असा तो प्रश्न होता, आणि मी लिहिलं होतं, ‘ठोकळ्याला वाटेल तेव्हा’. बाई म्हणजे त्यांची भाची सूदाबे. लोकांना भूल देऊन झोपवणं हा तिचा पेशा, त्यामुळे जाग्या माणसांशी बोलताना ती जरा अधीर असते. परवा, म्हणजे रविवारी, उस्तादांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि सुईही तीच देणार. गुडघा बदलल्यावर पुन्हा स्की लावता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं त्यांनी टाळलं होतं. चाळीस वर्षं दर हिवाळ्यात पहिल्या मोठ्या बर्फानंतर ते एक उतार उतरत आले आहेत. आमच्यात त्याला नवरीचा घागरा म्हणतात. वरून अरुंद, मग पसरत गेलेला, पायथ्याला घडी पडल्यासारखी खोल घळ. तो शेवटचा उतरायचा आणि रविवारी सुईखाली जायचं, हा बेत. बोलून कुणी दाखवला नव्हता. न बोललेल्या बेताला नाही कसं म्हणणार? बोललेल्यालाच म्हणता येत नाही आमच्यात.

आता खरी भानगड. त्या दिवशी म्होरक्या मी होतो. किंवा नव्हतो. सकाळी खालच्या चहाच्या दुकानात, चार ओळखीच्या माणसांदेखत, उस्ताद उठून उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘आज आमचे म्होरके इंजिनियर पेजमान. यांनी बर्फाचा कोर्स केलाय. आम्ही यांच्या मागून चालणार.’ मी इंजिनियर नाही, पण चष्मा आहे. कोर्स मात्र खरा, तीन दिवसांचा, प्रमाणपत्रासकट. मी म्हणालो, ‘भलतंच काय उस्ताद, तुमच्यापुढे मी कोण!’ ही पहिली ‘नाही’. ते म्हणाले, ‘छे छे, तुमचा शब्द शेवटचा.’ मी म्हणालो, ‘लाजवू नका, मी तुमच्या बुटांची धूळ.’ ही दुसरी. ते म्हणाले, ‘माझी शपथ आहे.’ इथे तिसरी ‘नाही’ यायला हवी होती. लहानपणी शेजारच्या काकूंनी पुढे केलेली पिस्त्याची वडी मी पहिल्याच फटक्यात उचलली तेव्हा आईने दंडाला जो चिमटा काढला, तो अजून निळा वाटतो. आमच्यात रीत अशी: तीनदा नाही म्हणायचं, समोरचा तरीही हटला नाही तर तो मनापासून म्हणतोय. हटला तर दोघांची अब्रू राहिली. मोजमापाचं इतकं अचूक साधन कोर्समध्येसुद्धा शिकवत नाहीत. पण त्या क्षणी माझ्या दातांत साखरेचा खडा होता आणि वरून घेतलेला चहाचा घोट उकळता. मला ओरडायचं होतं, गिळायचं होतं आणि नाही म्हणायचं होतं. तिन्ही एकदम जमेना. डोळ्यांत पाणी आलं. ‘बघा,’ उस्ताद दुकानदाराला म्हणाले, ‘पोरगा गहिवरला.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे मी म्होरक्या झालो का? दोन नकार आणि एक चटका, याचा हिशोब कसा लावायचा? धारेवर चढताना तासभर मी हाच विचार करत होतो, बर्फाचा करायचा सोडून. त्यांनी मनापासून म्हटलं असेल तर ते माझ्यापुढे का चालतायत? आणि वरवर म्हटलं असेल, तर दर शंभर पावलांनी मागे वळून ‘परवानगी आहे ना, इंजिनियर?’ असं का विचारतायत?

माथ्यावर पोचल्यावर मी खणायला घेतलं. निदान खणताना माणसाला कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. घागऱ्याच्या कडेला, दोर बांधून, छातीएवढा खड्डा. भिंत हाताने साफ केली आणि वरून खाली दाबत गेलो. वरच्या थरात अख्खी मूठ गेली. खाली वाऱ्याने दाबलेला थर, तिथे एक बोट जेमतेम. त्याच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, हात एकदम कोपरापर्यंत आत. बाहेर काढला तर मुठीत दाणे. एकमेकांना न चिकटणारे, चमकणारे, जाडी साखर. महिन्यापूर्वीच्या कोरड्या थंडीत जमिनीलगत तयार झालेली ती साखर, आणि तिच्यावर आता एवढी मोठी नवी लादी निजलेली. मग फावड्याच्या पात्याएवढा खांब कापून वेगळा केला, वर फावडं ठेवलं आणि थापट्या मारायला लागलो. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा, अशी पद्धत; जितक्या लवकर सरकेल तितका बर्फ कच्चा. मनगटातल्या दहा झाल्या. खांब स्तब्ध. कोपरातली पहिली. कोपरातली दुसरी, आणि सगळा वरचा भाग स्वयंपाकघरातल्या खणासारखा सरळ पुढे सरकून माझ्या मांडीवर आला. बारा. मी चष्मा पुसला. उताराचा कोन मोजला, सदतीस अंश; हिमलोट नेमके अशाच उतारावर सुटतात. वारा रात्रभर मागून वाहत होता, म्हणजे धारेपलीकडचा सगळा बर्फ उचलून इथेच आणून टाकलेला. शाळेतला ठोकळा शेवटी भेटला होता आणि त्याला कधीही वाटू शकत होतं.

खड्ड्यातून डोकं वर काढलं तर उस्ताद थर्मास घेऊन उभे. ‘काय म्हणतोय बर्फ?’ इथे बोलायला हवं होतं. एकच शब्द, दोन अक्षरांचा. मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘उस्ताद, तुमच्यापुढे मी बर्फाबद्दल काय बोलावं... जरासा नाराज वाटतोय.’ ‘नाराज?’ ‘म्हणजे, त्याचा मूड...’ ‘अरे, नव्या नवरीसारखा असतो पहिल्या दिवशी,’ ते म्हणाले आणि खुश होऊन केसाळ पट्ट्या सोलायला बसले. मी स्वतःचा आवाज ऐकला होता. तो ‘बारा’ म्हणत होता आणि बाहेर ‘नाराज’ येत होतं. मध्ये कुठेतरी, छाती आणि दात यांच्या दरम्यान, आणखी एक थर असावा. तो कुणी खणून पाहिलेला नाही. सूदाबे खड्ड्यापाशी आली, वाकून तिने भिंतीतून चिमूटभर दाणे घेतले आणि बोटांतून सांडले. ‘हे काय आहे?’ ‘साखर.’ ‘आणि हे चांगलं असतं?’ ‘चहात,’ मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी विनोद केला होता हे मला दुःखासारखं जाणवलं.

तोवर उस्ताद तयार. स्की कडेला लावलेल्या, गुडघ्यावर पट्टा. ‘एकेकानेच उतरायचं, बरोबर ना? कोर्समध्ये असंच सांगतात.’ ‘हो, एकेकानेच.’ ‘मग म्होरक्या आधी.’ ‘छे, तुमच्या आधी मी?’ ‘हुकूम तुमचा, मान तुमचा.’ ‘वयाचा मान असतो, उस्ताद.’ ‘व्हा पुढे, पेजमानजान.’ ‘आधी तुम्ही, शपथ आहे.’ आणि या देवाणघेवाणीत मध्येच माझ्या लक्षात आलं की मी अत्यंत अदबीने एका म्हाताऱ्या माणसाला आधी मरायचा आग्रह करतोय. त्यांनी मान तुकवली. ‘बरं. आता फार ओढून धरणं शोभत नाही.’ काठ्या टोचल्या. आणि मी शिंकलो.

म्हणजे शिंक आणली. नाकात हवा ओढून, जेवढी जमली तेवढी. जगात दुसरं काही सुचलं नाही. नाही म्हणण्यासाठी जो माणूस लागतो तो मी नव्हतो. पण नाक होतं. उस्ताद थांबले. काठ्या वर उचलल्या. ‘सबूर आली,’ ते म्हणाले. एक शिंक म्हणजे थांबा. माझी आजी दारातून बाहेर पडलेल्या माणसाला परत आणून बसवायची. ‘मामाजान, तुम्ही? शिंक मानता?’ सूदाबेने विचारलं. ‘मी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलंय. मानत नाही,’ ते बसत म्हणाले, ‘पण शिंकणाऱ्याचा अपमान कशाला?’ मग चहा झाला. खजूर झाले. सबूर किती वेळ टिकते यावर चर्चा झाली; उस्तादांच्या मते सात मिनिटं, सूदाबेच्या मते ही वैद्यकीय बाब नव्हती. मी मनात पुढचा बेत करत होतो: ऊन चढेल, उशीर होईल, परत जाऊ. हे जमतंय असं वाटू लागलं. एवढ्या चतुराईने कुणी कुणाचा जीव वाचवला नसेल. आणि सूदाबे शिंकली. खरीखुरी, अख्खी, टोपी हलवणारी. उस्तादांचा चेहरा उजळला. ‘दुसरी! चला, वाट मोकळी झाली. दुसरी आली की उलट घाई करायची.’ ते उठले. मी ताबडतोब तिसरी काढली.

खाली दरीत कुठेतरी स्की लिफ्टची घरघर चालू होती. ‘तीन?’ उस्ताद म्हणाले. ‘तीनचं काय असतं?’ खरंच, तीनचं काय असतं? आजीने सांगितलं नव्हतं. पहिली थांबा, दुसरी निघा, म्हणून तिसरी पुन्हा थांबा? की पहिल्या दोन एकमेकींना पुसून टाकतात आणि तिसरी एकटी उरते? की तीन म्हणजे फक्त सर्दी? एक निवृत्त शिक्षक, एक डॉक्टर आणि एक पाट्या छापणारा, सदतीस अंशांच्या उताराच्या माथ्यावर उभे राहून शिंकांची बेरीज करत होते, आणि मला अचानक वाटलं की आपण बेरीज करतोय तोवर जिवंत आहोत, तर करत राहावी. पण सूदाबे माझ्या अगदी जवळ आली. ‘शिंकताना माणसाचे डोळे मिटतात,’ ती म्हणाली. ‘मी रोज बघते. तुझे दोन्ही वेळा उघडे होते. टकामका मामाकडे बघत होतास.’ ‘थंडीने...’ ‘पेजमान, खड्ड्यात काय दिसलं ते बोल. बडबड नको.’

‘उतरायचं नाही,’ मी म्हणालो. फार हळू आलं, पण आलं. उस्ताद हसले, प्रेमाने. ‘अरे, पुढे जायला संकोचतोस होय! इतका नम्रपणा बरा नव्हे. मी जातो पुढे, तू ये मागून.’ ‘नाही, उस्ताद.’ ‘लाजतोयस.’ ‘नाही.’ ‘अरे बाबा, तुझा मोठेपणा पोचला मला. आता सोड,’ असं म्हणत त्यांनी वजन पुढे टाकलं, आणि मला दिसलं की माझी प्रत्येक ‘नाही’ त्यांच्याकडे गोड पदार्थ होऊन पोचते आहे. मी नाही म्हणेन तितके ते भारावत जाणार आणि भारावलेले खाली जाणार. त्यांच्या स्कीची टोकं कडेबाहेर हवेत आली. मी त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा धरला आणि मागे खेचला.

ते पडले. एकाहत्तर वर्षांचे माझे गुरू, दुखऱ्या गुडघ्यासकट, पाठीवर, पाय वर, दोन्ही स्की आभाळाकडे. टोपी खड्ड्यात गेली. मला वाटलं आता आई येईल आणि चिमटा काढेल. बर्फाच्या कडेवरून मूठभर पांढरं खाली ओघळलं, घागऱ्यावर एक बारीक रेघ काढत गेलं आणि थांबलं. बाकी काही झालं नाही. ‘म्हणजे,’ उस्ताद आभाळाला उद्देशून म्हणाले, ‘ही ‘नाही’ खरी होती.’ ‘हो.’ ‘आधीची?’ ‘तीही.’ ‘चहाच्या दुकानातली?’ ‘तेव्हा तोंड भाजलं होतं.’ त्यांनी तोंडावरचा बर्फ पुसला. ‘रविवारनंतर मला हे मिळणार नाही, पेजमान,’ ते म्हणाले, चारचौघांतला आवाज नव्हता तो. ‘माहीत आहे,’ मी म्हणालो. ‘उठव मला.’

धारेवरूनच परत निघालो. लांबची वाट, खडकाळ, स्की अर्धा वेळ खांद्यावर. उस्ताद पुढे, लंगडत. त्यांची पाठ रागावलेली आहे का, हे मी पाहत होतो. पाठीवरून कळत नाही. अर्ध्या वाटेवर मागून गाणी ऐकू आली. माथ्यावर तीन पोरं उभी होती, भडक जाकिटं, खिशात वाजणारा स्पीकर. त्यांनी खड्डा पाहिला, त्यात डोकावली, हसली. मी शिटी वाजवली, दोन्ही काठ्या आडव्या धरून हलवल्या, ओरडलो, ‘नको! उतरू नका!’ त्यांनी आनंदाने हात हलवले. आणि उतरली. एकेक नव्हे, तिघं एकदम, एकमेकांच्या रेघा कापत, वरपासून पायथ्याच्या घळीपर्यंत, आणि ती नवरी हूं की चूं न करता त्यांच्या अंगाखाली पडून राहिली. माझ्यात त्या वेळी काय हललं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ते घसरावं असं मला वाटत होतं. पोरं त्यावर असताना. फार नाही, एक क्षण, कोपरातल्या दुसऱ्या थापटीएवढा. मग मी स्वतःच्या त्या इच्छेकडे पाहिलं आणि तिच्याखाली काय आहे हे बघायची हिंमत झाली नाही. बारा थापट्या खोट्या होत्या का? खांब तर सरकला होता. मांडी अजून ओली होती. की दोन्ही खरं: खांब सरकतो आणि घागरा सरकत नाही, आज, या तिघांखाली, आणि का, हे कुणालाच कळणार नाही?

खाली पोरं भेटली. लाल गाल, घाम. ‘थकू नका, काका!’ असा आमच्याकडचा नमस्कार करत त्यांनी संत्री पुढे केली. ‘तुम्ही का नाही आलात? स्वर्ग आहे वर!’ उस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘हा आमचा म्होरक्या,’ ते म्हणाले. ‘याने येऊ दिलं नाही.’ पोरांनी मला खालून वर पाहिलं. त्या वाक्यात तक्रार होती की कौतुक, की नुसती माहिती, हे मी संत्र्याची पूर्ण साल निघेपर्यंत शोधत राहिलो. सूदाबेला नजरेने विचारलं. तिने खांदे उडवले आणि माझी अर्धी फोड खाल्ली.

पोरं रस्त्याच्या बाजूला गेली, आमची गाडी पलीकडच्या वळणावर होती. मध्ये एक घळ आडवी होती, लहानशी, वीस-पंचवीस पावलांची, वरून वाऱ्याने गुळगुळीत केलेली. पलीकडे गाडीचं टप दिसत होतं. उस्ताद काठाशी थांबले. त्यांना उभं राहवत नव्हतं, काठ्यांवर ओणवे झाले होते. ते वळले. छातीवर हात नाही, ‘इंजिनियर’ नाही, ‘जान’ नाही. ‘काय करायचं रे?’ त्यांनी विचारलं.

मी घळीकडे पाहिलं. उतार मंद होता. की मला घरी जायचं होतं म्हणून मंद दिसत होता? तोच बर्फ, तीच रात्र, तोच वारा. पण लहान. पण खाली खोलगट, सरकला तर सगळा आपल्यावरच साचेल असं. ‘माहीत नाही, उस्ताद,’ मी म्हणालो, आणि ते कसल्याही वेष्टणाशिवाय बाहेर आलं.

मी वाट पाहिली. त्यांनी आग्रह केला नाही, हसलेही नाहीत. पाठपिशवी उतरवून त्यांनी आतून स्वतःचं फावडं काढलं. वर्षानुवर्षं नियम म्हणून वाहिलेलं, दुकानातल्या प्लास्टिकमध्ये अजून तसंच गुंडाळलेलं. हातमोजा काढला, गाठ सुटेना, तेव्हा ते बर्फात बसले आणि दातांनी प्लास्टिक फाडायला लागले.